तसल्या प्रदर्शनाचा शेवटचा दिवस

शनिवार हा मारुतीचा वार. त्या दिवशी तेल वाहावं, रुईच्या पानांची माळ घालावी (इथे कतारला, दोहा शहरात, रुई मिळत नाही, म्हणून मी कढीपत्त्याची घालते, मारुतीने अजून तक्रार केलेली नाही) आणि होता होईल तो मन स्वच्छ ठेवावं. अशा एका शनिवारी माळ ओवत असताना मुंबईहून चार्ल्सचा फोन आला आणि त्याने मला प्रौढांच्या करमणुकीच्या धंद्याचं जे मोठं प्रदर्शन युरोपात भरलं होतं, त्याच्या शेवटच्या दिवसाची बातमी करायला सांगितली.

प्रौढांची करमणूक म्हणजे पत्ते आणि भजन नव्हे. तुम्हाला कळलं असेल. मला कळावं म्हणून चार्ल्सला तीनदा खाकरावं लागलं.

चार्ल्स आमच्या मासिकाचा संपादक. मासिक इंग्रजी, धंदेवाईक लोकांसाठी. जगात कुठे काय प्रदर्शन भरलं, कुणी कसला माल मांडला, हे त्यात छापतात. मी दोह्याच्या ओल्ड एअरपोर्ट भागातल्या आमच्या फ्लॅटमधून आखातातल्या प्रदर्शनांच्या बातम्या करते. पंप, टाइल्स, गच्चीला गळती लागू नये म्हणून लावायचे लेप, यांत माझा हात धरणारं कुणी नाही, असं मी नम्रपणे सांगते. पण मासिकात माझं नाव अगदी शेवटच्या पानावर, कुरिअरच्या पत्त्याच्या वर येतं. सहसंपादकाची जागा दीड वर्ष रिकामी होती आणि ती मला हवी होती.

"जयमालाताई," चार्ल्स म्हणाला, "डिसेंबरचा अंक पॅकेजिंग विशेषांक आहे. मॅनेजमेंट म्हणते, ज्याची कव्हर स्टोरी, त्याची खुर्ची. आणि आत काय आहे ते न सांगता पोचवायच्या मालाचं पॅकिंग या लोकांइतकं कुणाला जमत नाही. आपला बातमीदार ऑल्विन तिथे आहे, पण त्याचा आवाज पार बसला. दोन दिवस त्या हॉलमधल्या म्युझिकवर ओरडून बोलत होता. आजची चर्चासत्रं ऑनलाइन आहेत. तुम्ही घरबसल्या बघा आणि संध्याकाळपर्यंत पाठवा. फक्त खोकी बघायची. बाकी काही बघू नका."

"मी खोकीच बघते," मी म्हटलं. आणि हे खरं होतं.

खरं होतं हे मुद्दाम सांगते, कारण त्या चातुर्मासात माझा खोटं न बोलण्याचा नेम होता. दरवर्षी सगळे वांगं सोडतात. मीही बरीच वर्षं सोडत आले. पण दोह्यात वांगं सोडण्यात काही विशेष पुण्य आहे असं मला वाटेना, म्हणून यंदा खोटं सोडलं. खालच्या मजल्यावरची तेजश्री तेव्हा म्हणाली होती, "काकू, तुम्हाला काय कठीण! तुम्ही बोलताच कुठे?" माझा आवाज हळू आहे. त्यामुळे लोकांना वाटतं की माझ्याकडे सांगण्यासारखं काही नसतं.

पोथीचा अध्याय झाला, तुळशीला पाणी घातलं आणि संगणक उघडून चार्ल्सने पाठवलेला दुवा दाबला. पडद्यावर अत्यंत सभ्य भाषेत लिहून आलं की ही जागा या देशात बंद आहे.

तेजश्री आयटीत आहे. तिला बोलावलं. ती बघून आधी लाल झाली, मग हसू दाबत म्हणाली, "काकू, दोन मिनिटांचं काम. व्हीपीएन टाकते. तुम्ही कुठल्या देशात बसलाय ते कुणाला कळणारच नाही."

"म्हणजे मी दोह्यात नाही, असं सांगायचं?"

"सांगायचं नाही हो, ते कॉम्प्युटर सांगतो."

"माझ्या वतीने ना?"

"काकू, सगळे करतात!"

"सगळे वांगंही खातात," मी म्हटलं. 

आता सरळ माणसाने काय करावं? जी गोष्ट बंद आहे, ती ज्याने बंद केली त्याच्याकडे जाऊन, कारण सांगून, उघडून मागावी. मी इंटरनेट कंपनीच्या ग्राहक सेवेला फोन लावला. तेजश्री कपाळावर हात मारून सोफ्यावर बसली.

फोनवर इनायत नावाचा मुलगा होता. हिंदीत बोलत होता; मीही हिंदीतच बोलले, पण माझं हिंदी इथे मराठीतच सांगते. मी त्याला प्रदर्शनाचं नाव सांगितलं, धंद्याचं स्वरूप सांगितलं आणि एका दिवसापुरतं, फक्त खोक्यांसाठी, उघडून द्यावं अशी विनंती केली.  मग तो म्हणाला, "आंटी, आप ठीक तो हैं?" आणि त्याने मला रिदा नावाच्या वरिष्ठ बाईंकडे दिलं.

"मॅडम," रिदा म्हणाली, "आप खुद फोन करके ये मांग रही हैं?"

"हो. लेखी अर्ज हवा असेल तर करते. नमुना असेल ना?"

"इसका कोई नमुना नहीं है, मॅडम."

"मग साध्या कागदावर करू?"

रिदाने खोल श्वास घेतला. "मॅडम, आप मेरी अम्मी जैसी हैं. फोन रख दीजिए. मैं लिख देती हूँ, कंप्लेंट: स्लो इंटरनेट."

"नको हो," मी म्हटलं, "इंटरनेट चांगलं वेगात आहे. उगाच तुमच्या कंपनीचं नाव खराब."

पण तिने फोन ठेवला होता. ते खोटं तिचं, माझं नव्हे, हे मी मनाशी स्पष्ट करून घेतलं.

आता उरला ऑल्विन. त्याला इंटरनेटवरून फोन लावला तर पलीकडून फक्त वाळू चाळल्यासारखा आवाज. वसईचा गुणी मुलगा आहे. मी म्हटलं, "ऑल्विन, तुझे पाय तर चालतात ना? मग तू स्टॉलवर जा आणि मोबाइल त्यांच्या तोंडासमोर धर. प्रश्न मी विचारीन. चित्र मात्र दाखवू नकोस." चाळणीतून "येस आंटी" असं आलं.

योजना उत्तम होती. पाय त्याचे, प्रश्न माझे. पहिल्याच स्टॉलवर पोलंडचा खोकीवाला भेटला. मी विचारलं, "तुमचं खोकं किती पदरी आहे?" तो म्हणाला, "हॅलो?" मी पुन्हा विचारलं. तो म्हणाला, "हॅलो? हॅलो?" मग ऑल्विनला म्हणाला की तुमच्या फोनवर कुणी नाही.

कुणी नाही! चातुर्मासात राग आवरावा म्हणतात. मी आवरला.

हे सगळं आतल्या खोलीतून अप्पा ऐकत होते. अप्पा म्हणजे माझे सासरे, गोविंदराव. हिवाळा आमच्याकडे काढायला म्हणून दसऱ्यालाच सांगलीहून आलेले. उभं आयुष्य एका कारखान्यात घणाच्या खात्यावर फोरमन होते. तिथे मोठमोठे घण पडत असताना माणसाला हाक मारायची म्हणजे घणापेक्षा मोठ्यानेच मारावी लागते. निवृत्त झाल्यावर आवाज कारखान्यात जमा करायचा राहून गेला. ते मीठ मागतात तेव्हा वरच्या मजल्यावरची जुडिथ मीठ घेऊन खाली येते.

"तू मला हळूच सांग," अप्पा खुर्ची ओढत म्हणाले, "मी विचारतो त्यांना. प्रदर्शन कसलं आहे?"

इथे माझ्या नेमाची पहिली परीक्षा झाली. मी म्हटलं, "अप्पा, सांगण्यासारखं नाही."

यात एक अक्षर खोटं नव्हतं. पण अप्पांची मुद्रा एकदम गंभीर झाली. त्यांनी मान हलवली. "समजलो. संरक्षण खातं. आमच्याकडेही असायच्या तशा ऑर्डरी. घरी बायकोला सांगायची सोय नसायची. बरं, विचार."

मी गप्प बसले. गप्प बसणं खोट्यात येतं का, हे मी नंतर पोथीत शोधलं. स्पष्ट असं कुठे दिलेलं नाही.

आणि मग काम असं काही सुरू झालं! मी अप्पांच्या कानात कुजबुजायची, "खोक्यावर आत काय आहे ते छापतात का?" आणि अप्पा गर्जायचे, "डू यू प्रिंट कंटेंट ऑन बॉक्स?" युरोपातला तो अख्खा हॉल गप्प होत असावा. पोलंडचा माणूस अदबीने सांगू लागला की नाही सर, काहीच छापत नाही, पाठवणाऱ्याचं नावसुद्धा साधं ठेवतो, बाग-बगीच्याच्या सामानाची कंपनी वाटावी असं. खोकं हलवलं तरी आवाज येऊ नये म्हणून आत मक्याच्या पिठाचे ठोकळे भरतो.

"शाबास!" अप्पा मला म्हणाले. "शत्रूला पत्ता लागता कामा नये."

माझे प्रश्न नेहमीचेच होते. पंपांच्या प्रदर्शनात विचारते तेच. माल कुठल्या प्रतीचा, सुटे भाग मिळतात का, परत आलेल्या मालाचं काय करता. पण त्या मंडळींना गहिवरून आलं. एक गृहस्थ म्हणाले, वीस वर्षं प्रदर्शनात येतोय, पत्रकार येतात, खिदळतात, फोटो काढून जातात. खोक्याबद्दल आजवर कुणी विचारलं नाही. ऑल्विनच्या मागे म्हणे रांग लागली. मी भराभर टिपून घेत होते. तो सगळा धंदा मला टाइल्सपेक्षा निराळा दिसेना. तीच फुटतुटीची रड, तीच बँकांची अढी, तोच कुरिअरवाल्याचा उद्दामपणा. कव्हर स्टोरी माझ्या डोळ्यांसमोर उभी राहत होती.

अप्पांचा आवाज ऐकून जुडिथ खाली आली. ती हॉस्पिटलात नर्स आहे, रात्रपाळी करून झोपली होती. "अंकलला काय होतंय?" म्हणत दारात उभी राहिली. तेजश्रीने तिला हाताने बसायला सांगितलं आणि स्वतः उशीत तोंड खुपसलं. तेवढ्यात बेल वाजली. टूलबॅग घेऊन दाढीवाला एक गृहस्थ उभा. नाव जैद. इंटरनेट कंपनीतून आलेला.

"स्लो इंटरनेट का कंप्लेंट है?"

"नाही," मी म्हटलं. "इंटरनेट चांगलं आहे."

"तो कंप्लेंट क्या है?"

"तक्रार नव्हतीच. विनंती होती. ती नामंजूर झाली."

जैदने मोबाइल बघितला. "टिकट खुला है, सिस्टर. चेक किए बिना बंद नहीं होगा." आणि तो टेबलाखाली शिरला. सरकारी असो की खासगी, एकदा नोंद झालेली गोष्ट या जगात खरी धरून चालतात. पुढे वाद नाही.

इकडे ऑल्विन हॉलंडच्या एका बाईंच्या स्टॉलवर पोचला होता. बाई म्हणाल्या, आमचा मुख्य प्रश्न पॅकिंगचा नसून मोटारींचा आहे. प्रवासात बटण दाबलं जातं आणि खोकं विमानतळावर आपोआप गुरगुरायला लागतं. मोटार हा शब्द ऐकताच अप्पा माझ्या हातातून निसटले. माझ्याकडे कान द्यायचंच बंद केलं.

"व्हॉट इज द आरपीएम?" अप्पा गर्जले. बाईंनी काहीतरी सांगितलं. "टू मच! बेअरिंग विल गो! हॅव यू टेस्टेड इन डेझर्ट?"

"आम्ही वाळवंटी देशांत विकत नाही, सर," बाई म्हणाल्या.

"करेक्ट! व्हेरी करेक्ट पॉलिसी!" अप्पांनी मांडीवर थाप मारली. "नाऊ टेल मी. फॉर वन प्लॅटून, हाऊ मेनी पीसेस?"

 मग बाई अतिशय जपून म्हणाल्या, "सर, आमची शिफारस अशी की एका व्यक्तीला एकच. दुसऱ्याला देऊ नये. आरोग्याच्या दृष्टीने."

"बघ!" अप्पा माझ्याकडे वळले. "याला म्हणतात शिस्त! आपल्याकडे एक बंदूक तिघांत."

जुडिथ नर्स असल्यामुळे तिला सगळ्यांत आधी उमगलं. ती जी हसायला लागली, ती भिंत धरून खाली बसली. तेजश्रीच्या उशीतून शिट्टीसारखा आवाज येऊ लागला. आणि त्याच क्षणी टेबलाखालून जैदने राउटर बंद केला. हॉलंड गेलं, ऑल्विन गेला, घरात एकदम सामसूम झाली. फक्त जुडिथ उचक्या देत होती.

अप्पांनी तिच्याकडे पाहिलं, तेजश्रीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आवाज प्रथमच खाली आला. "जयमाला, हे नेमकं कसलं प्रदर्शन आहे?"

सरळ प्रश्न. आता पळवाट नव्हती. मी पदर नीट केला आणि सांगितलं. म्हटलं, "अप्पा, नवराबायकोने दार लावून बघायचे सिनेमे, आणि दार लावून वापरायच्या वस्तू, यांचा धंदा करणाऱ्यांचं प्रदर्शन आहे. मी त्यांच्या खोक्यांवर लिहितेय."

अप्पा उठले. खोलीत गेले. दार लागलं. हळू लागलं, हेच वाईट होतं. अप्पांनी दार हळू लावलेलं मी लग्न होऊन आल्यापासून पाहिलं नव्हतं.

"काकू, सॉरी हो," तेजश्री डोळे पुसत म्हणाली.

जुडिथ म्हणाली, "आता जाऊ दे गं तो रिपोर्ट. अंकलचं बीपी बघू का?"

पण रिपोर्टात अजून शेंडा नव्हता. प्रदर्शनाचे अध्यक्ष समारोपाआधी एकच प्रश्न घेणार होते, आणि पुढच्या वर्षी कागदी खोकी सक्तीची होणार की नाही, हे फक्त त्यांच्याच तोंडून कळणार होतं. त्याशिवाय कव्हर स्टोरी म्हणजे झाकण नसलेलं खोकं. राउटरवरचे दिवे लाल, पिवळे, पुन्हा लाल. जैद म्हणाला, "पांच मिनट, इन्शाल्ला." ती पाच मिनिटं इथल्या सगळ्या पाच मिनिटांसारखीच लांबली.

दिवे हिरवे झाले. ऑल्विन अध्यक्षांपुढे उभा होता. मी होता नव्हता तेवढा आवाज काढून विचारलं. अध्यक्ष म्हणाले, "हॅलो?" पुन्हा विचारलं. घसा दुखला. "हॅलो? इज समवन देअर?" जुडिथने मदतीला म्हणून विचारलं, पण तिला मध्येच हसू फुटलं. तेजश्रीने तर तोंडच उघडलं नाही. अध्यक्ष म्हणाले, माफ करा, मला निघायला हवं.

खोलीचं दार उघडलं. अप्पा बाहेर आले. इस्त्रीचा शर्ट घातला होता, केस बसवले होते, जणू कारखान्यात साहेब यायचा आहे. ते माझ्या शेजारी बसले. माझ्याकडे पाहिलं नाही, भिंतीवरच्या मारुतीकडेही पाहिलं नाही.

"हातातली पाळी अर्धवट टाकून मी कधी घरी गेलो नाही," ते म्हणाले. "विचार काय ते. पण मोटारीबद्दल मी आता एक शब्द बोलणार नाही. आणि ते प्लॅटूनचं छापायचं नाही."

"नाही छापणार, अप्पा."

मी त्यांच्या कानात प्रश्न सांगितला. त्यांनी डोळे मिटले आणि असा काही विचारला की टेबलाखाली जैदचं डोकं आपटलं. अध्यक्ष जागच्या जागी थांबले असावेत. त्यांनी पूर्ण, सविस्तर, आकडेवारीसकट उत्तर दिलं: पुढल्या वर्षीपासून प्लास्टिक बंद, कागदी खोकी सक्तीची. आणि म्हणाले, इतका गंभीर प्रश्न विचारल्याबद्दल मी या गृहस्थांचा आभारी आहे.

"वेलकम," अप्पा म्हणाले. एवढंच.

जैद हत्यारं आवरत होता. त्याला मराठी कळत नव्हतं, पण शेवटचं इंग्रजी उत्तर त्याने ऐकलं असावं. दारात थांबून म्हणाला, "डिब्बों का बिझनेस है? अच्छा बिझनेस है, सिस्टर." मी म्हटलं, "खोक्यांबद्दल आहे, हो." तो अरबीत शुक्रन, म्हणजे धन्यवाद, म्हणून गेला आणि तिकीट बंद झालं.

मशिदीत मगरिबची बांग झाली तेव्हा मी देवापाशी दिवा लावत होते, आणि त्याआधी रिपोर्ट गेला होता. चार्ल्सचा फोन लगेच आला, मी तो स्पीकरवर घेतला.

"फर्स्ट क्लास, जयमालाताई! या विषयावर इतकं सोवळं आणि इतकं कामाचं कुणी लिहिलंच नाही. पण एक बोलू? नाव ऑल्विनचं घालतो. तो तिथे होता, बॅचलर आहे, त्याला काय. तुम्हाला त्रास नको. तिथली मराठी मंडळी, तुमच्या पोथीच्या बायका, सगळ्यांच्या घरी नवऱ्यांच्या नावाने अंक जातो."

"आणि खुर्ची?"

चार्ल्स खाकरला. "ती... नाव ज्याचं, त्याची. मॅनेजमेंट."

जुडिथ आणि तेजश्री चहा घेत बसल्या होत्या. दोघी कप हातात धरून माझ्याकडे बघत राहिल्या. खरं सांगायचं तर एका क्षणापुरतं मला ऑल्विनचं नाव फार सोयीचं वाटलं. पुढच्या गुरुवारी आरतीला येणाऱ्या सगळ्या जणी डोळ्यांसमोरून गेल्या, ओळीने, हातात तबक घेऊन.

"चार्ल्स," मी म्हटलं, "मी लिहिलं त्याखाली त्याचं नाव घातलं तर ते खोटं होईल. माझं घाल."

"बरं, मग 'जे. पोंक्षे' एवढंच घालू? कोण ते कळणार नाही."

मी काही बोलायच्या आत अप्पांचा आवाज मुंबईपर्यंत, बहुधा फोनशिवायच, पोचला. "जे. कशाला? चोरी केलीय का तिने? पूर्ण नाव घाला!"

"पूर्ण नाव घाल," मी म्हटलं. "नेहमी घालतोस तसं."

"अच्छा," चार्ल्स लिहून घेत म्हणाला, "जयमाला स्वानंद पोंक्षे. कव्हरवर. फोटोसकट. अभिनंदन, सहसंपादक मॅडम."

स्वानंद म्हणजे हे, माझे यजमान. सकाळपासून साइटवर स्लॅब ओतत होते आणि तो क्षण साधून ते दारात सेफ्टी शूज काढत होते. सिमेंटने पांढरे झालेले. "माझं नाव कशात आलं?" त्यांनी विचारलं.

तेजश्रीला घरी काहीतरी आठवलं. जुडिथला झोप आली. अप्पांनी टीव्हीवर बातम्या लावल्या आणि त्या, तुम्हाला खोटं वाटेल, अगदी हळू आवाजात लावल्या.

विचारलं, म्हणून मी सांगितलं. सगळं. प्रदर्शन, रिदा, हॉलंडच्या बाई, अध्यक्ष, कव्हर. प्लॅटूनचं वगळलं, कारण तो शब्द अप्पांना दिला होता. हे तांब्याभर पाणी प्यायले. यांनी फोटोतल्या मारुतीकडे पाहिलं.

"ते ठीक आहे," अखेर म्हणाले. "सहसंपादक झालीस, आनंद आहे. पण साइटवर आमच्या मॅनेजरकडे ते मासिक येतं. अगं, माझं नाव मध्ये कशाला?"

"लग्नापासून तिथंच आहे," मी म्हटलं, आणि पानं घेतली.